सेमी-ऑटो रायफल घ्यायचीय? आधी व्हिसा बघा, मग राज्य, मग गाव

डॅलसहून शिकागोकडे शिफ्ट व्हायचं ठरलं तेव्हा मूव्हर्सचा माणूस यादी करायला आला, सोफे किती, खोकी किती, आणि जाता जाता विचारलं की घरात बंदूक आहे का. आहे, एक सेमी-ऑटो रायफल, म्हटल्यावर म्हणाला ती आम्ही ट्रकमध्ये घेत नाही, तुमची तुम्ही न्या. मी म्हटलं ठीक आहे, डिकीत टाकून नेतो, त्यात काय. टेक्ससमध्ये इतकी वर्षं राहून माझा असा समज झाला होता की अमेरिकेत बंदूक म्हणजे मिक्सरसारखी वस्तू, एका घरातून दुसऱ्या घरात नेली की झालं. सुदैवाने निघायच्या आधी सहज इलिनॉयचा कायदा उघडला आणि पुढचे तीन वीकेंड त्यातच गेले. बायको म्हणाली घर बघायचं सोडून हे काय लावलंय, पण खरं सांगतो, नंतर घर बघतानाच ते सगळं कामाला आलं.

मी वकील नाही, नेमबाजीच्या रेंजवर जाणारा साधा सॉफ्टवेअरवाला आहे, तर हे वाचून कुणी थेट दुकान गाठू नका. पण कुठल्या क्रमाने काय तपासायचं ते नीट कळलं तर अर्धा घोळ संपतो. बहुतेक लोक पहिला प्रश्नच चुकीचा विचारतात, "ही रायफल लीगल आहे का?" याला उत्तरच नाहीये. कोणाच्या हातात, कुठल्या पत्त्यावर, नक्की कुठल्या बनावटीची, कधी घेतलेली आणि कुठे घेऊन चाललात, हे पाच तुकडे जोडले की मगच उत्तर मिळतं. आपल्याकडे भारतात १९५९ चा शस्त्र कायदा आहे, देशभर एकच, लायसन्ससाठी कलेक्टर नाहीतर पोलीस कमिशनरचं ऑफिस. इथे फेडरल कायदा, त्यावर राज्याचा, त्यावर काउंटीचा आणि त्यावर गावाचा, असे एकावर एक थर आहेत, आणि कुठला थर कुणाला दाबतो हेसुद्धा प्रत्येक राज्यात वेगळं.

पहिली पायरी: बंदूक बाजूला ठेवा, स्वतःचा पासपोर्ट काढा

हे आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि इंग्रजीतल्या गाइडमध्ये हे कुठेतरी तळाला एका ओळीत असतं. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-२, म्हणजे कुठल्याही नॉनइमिग्रंट (तात्पुरत्या मुक्कामाच्या) व्हिसावर इथे असाल तर फेडरल कायद्यानुसार बंदूक किंवा गोळ्या बाळगणं हाच गुन्हा आहे, राज्य टेक्सस असो की अजून कुठलं. १९९८ पासून हे आहे. याला काही अपवाद आहेत, त्यातला सामान्य माणसाच्या कामाचा एकच, अमेरिकेतल्या कुठल्यातरी राज्याचं चालू असलेलं हंटिंग लायसन्स. चालू असलेलं यावर जोर. ते एक्स्पायर झालं की त्या दिवसापासून अपवाद संपला, आणि रायफल मात्र कपाटात तशीच असते.

आणि "बाळगणं" म्हणजे विकत घेणं एवढंच नाही. ऑफिसची गँग व्हेगासला जाते, तिथे रेंजवर रायफल भाड्याने मिळते, सगळे फोटो काढतात. भाड्याची असली तरी हातात घेतली म्हणजे ताबा आलाच. गंमत म्हणजे व्हिसा-वेव्हरवर आलेल्या युरोपियन टुरिस्टला ही बंदी लागू होत नाही, कारण तो व्हिसाशिवाय आलेला असतो, आपल्याला व्हिसा लागतो म्हणून आपल्याला लागू. आता याला काय म्हणणार.

ग्रीनकार्डवाल्यांना फेडरल पातळीवर ही बंदी नाही. पण त्यांच्यासाठी वेगळी तलवार टांगलेली आहे. इमिग्रेशन कायद्यात बंदुकीसंबंधीचा गुन्हा सिद्ध होणं हे डिपोर्टेशनचं स्वतंत्र कारण आहे, आणि त्यात बेकायदा बाळगणंही येतं. राज्याच्या दृष्टीने छोटा गुन्हा, दंड भरून सुटलो, असं ज्याला सिटिझन म्हणू शकतो त्याच गुन्ह्याने ग्रीनकार्डवाल्याचं इथलं बस्तान उठू शकतं. म्हणून नॅचरलायझेशन झालेलं नसेल, म्हणजे नागरिकत्व मिळालेलं नसेल, तर या लेखातल्या "बहुधा चालेल" टाइपच्या सगळ्या गोष्टी तुमच्यासाठी "वकिलाला विचारल्याशिवाय नाही" अशा वाचा.

अजून एक, घरातली माणसं. तुम्ही सिटिझन, पण आई-बाबा बी-२ वर सहा महिन्यांसाठी आलेत, किंवा मेहुणा एफ-१ वर तुमच्याकडे राहतो, तर सेफचा कोड किंवा किल्ली त्यांच्याकडे असता कामा नये. बाबांना "तेवढं कपाट उघडून ठेवा" असंही सांगू नका.

आणि गांजा. तुमच्या राज्यात दुकानात मिळत असेल, पण डीलरकडे जो फेडरल फॉर्म ४४७३ भरावा लागतो त्यात गांजा घेता का हा प्रश्न आहे आणि खाली इशाराही छापलेला आहे की राज्याने परवानगी दिली असली तरी फेडरल कायद्याने ते बेकायदाच. त्या फॉर्मवर खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा. तसंच मित्राच्या नावावर घेऊन मग आपल्याकडे ठेवायची आयडिया, तीही डोक्यातून काढून टाका, हा गंभीर फेडरल गुन्हा आहे.

दुसरी पायरी: राज्य

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पण पुढची गोळी आपोआप नळीत चढते. चाप दाबून धरला की धडाधड सुटतात ती मशीनगन, तिचे कायदे १९३४ पासून वेगळे आहेत, त्यात इथे शिरत नाही. आणि एआर-१५ मधलं एआर म्हणजे असॉल्ट रायफल नव्हे, आर्मालाइट या कंपनीच्या नावावरून आलंय ते.

"असॉल्ट वेपन" ठरवलेल्या सेमी-ऑटो बंदुकांवर देशभर १९९४ ते २००४ अशी दहा वर्षं फेडरल बंदी होती, ती मुदत संपून गेली आणि परत आली नाही. म्हणून आता राज्य बघावं लागतं. कॅलिफोर्निया सगळ्यात आधी, १९८९. मग न्यू जर्सी, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, न्यू यॉर्क, मेरीलँड, डेलावेअर, इलिनॉय, वॉशिंग्टन राज्य, शिवाय वॉशिंग्टन डी.सी., आणि २०२५ मध्ये ऱ्होड आयलंडनेही कायदा केला. यादी बघितलीत ना? एडिसन, सनीव्हेल, रेडमंड, नेपरव्हिल, आपली माणसं जिथे जिथे दाटीने राहतात त्यातला बराच भाग यात येतो. टेक्सस, जॉर्जिया, अ‍ॅरिझोना वगैरे ठिकाणी अशी बंदी नाही.

पण "बंदी" या एका शब्दाखाली दहा वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. वॉशिंग्टन राज्याने २०२३ मध्ये विक्री, निर्मिती आणि बाहेरून आणणं बंद केलं, पण आधीपासून घरात असलेली ठेवायला हरकत नाही. म्हणजे सिअ‍ॅटलमध्ये राहणाऱ्याकडे आधीची असली तर चालते, आणि तुम्ही ओरेगनहून तशीच घेऊन आलात तर चालत नाही. न्यू यॉर्कमध्ये सप्टेंबर २०२२ पासून कुठलीही सेमी-ऑटो रायफल विकत घ्यायला वेगळं लायसन्स लागतं. तर कायदा उघडला की आधी क्रियापद शोधा. विकणे, विकत घेणे, बाळगणे, राज्यात आणणे, दुसऱ्याला देणे, यातलं नक्की काय बंद आहे? मराठीत आपण सगळ्याला "बॅन" म्हणून मोकळे होतो, सगळी गफलत तिथूनच सुरू होते.

तिसरी पायरी: काउंटी आणि गाव, म्हणजे खरी डोकेदुखी

चाळीसहून जास्त राज्यांनी कायदा करून ठेवलाय की बंदुकीचे नियम राज्य करणार, गावांनी त्यात फार लुडबुड करायची नाही. याला प्रीएम्प्शन म्हणतात. तुमच्या राज्यात हे कडक असेल तर ही पायरी पाच मिनिटांत संपते. नसेल तर बसा.

इलिनॉय घ्या, मी यातूनच गेलो. २०१३ मध्ये राज्याने गावांना सांगितलं की असॉल्ट वेपन बाळगण्यावर स्वतःचा नियम करायचा असेल तर या काही दिवसांत करा, नंतर तुमचा अधिकार संपला. हायलंड पार्कने त्या मुदतीत सरळ बाळगण्यावरच बंदी घातली. शेजारच्या डिअरफिल्डने तेव्हा फक्त ठेवण्या-नेण्याचे नियम केले, आणि पाच वर्षांनी, २०१८ मध्ये, त्याच नियमात "दुरुस्ती" करून पूर्ण बंदी आणली. आता ही दुरुस्ती म्हणायची की नवा नियम? प्रकरण राज्याच्या सुप्रीम कोर्टात गेलं, २०२१ मध्ये तिथे न्यायाधीश ३-३ असे विभागले, त्यामुळे खालच्या कोर्टाचा निकाल कायम राहिला आणि डिअरफिल्डची बंदी टिकली. बाजूच्या ज्या गावांनी तेव्हा काहीच केलं नाही त्यांना नंतर ते करताच आलं नाही. दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, इथे एका सिग्नलवर कायदा बदलतो.

कुक काउंटीची, म्हणजे शिकागो आणि आजूबाजूच्या उपनगरांची, स्वतःची बंदी १९९३ पासूनची. नेपरव्हिलने ऑगस्ट २०२२ मध्ये ठराव केला तो फक्त दुकानात विकण्यावर, घरात ठेवण्यावर नाही. त्याच वर्षी ४ जुलैला हायलंड पार्कच्या परेडमध्ये गोळीबार होऊन सात माणसं गेली, आणि १० जानेवारी २०२३ ला गव्हर्नर प्रिट्झकर यांनी राज्यभराच्या बंदीवर सही केली. ज्यांच्याकडे आधीपासून होत्या त्यांनी १ जानेवारी २०२४ च्या आत स्टेट पोलिसांकडे ऑनलाइन नोंद करायची होती. आणि माझ्यासारखा नंतर राहायला येणारा? त्याला साठ दिवसांत एफओआयडी कार्डासाठी (इलिनॉयमध्ये बंदूक ठेवायला लागणारं ओळखपत्र) अर्ज आणि ती नोंद करायची सोय कायद्यात आहे. वाचून मला हायसं वाटलं. पण मग लक्षात आलं की ही सोय राज्याची आहे, गावाची नाही. तीच रायफल, तीच नोंद, तोच मी, नेपरव्हिलमध्ये घर घेतलं तर वेगळं उत्तर आणि हायलंड पार्कमध्ये घेतलं तर वेगळं. तेव्हापासून घरांच्या यादीत स्कूल रेटिंगच्या शेजारी मी अजून एक कॉलम केला.

आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे पोस्टाचा पत्ता. पत्त्यात नेपरव्हिल लिहिलंय म्हणजे घर नेपरव्हिल सिटीच्या हद्दीत आहे असं नाही, ते कुठल्याच गावात न मोडणाऱ्या काउंटीच्या भागात असू शकतं. शिवाय नेपरव्हिल दोन काउंट्यांत पसरलंय आणि ऑरोरा तर चार. प्रॉपर्टी टॅक्सचं बिल काढा, त्यावर कुठल्या कुठल्या संस्था तुमच्याकडून कर घेतात त्यांची नावं असतात, त्यात सिटी किंवा व्हिलेजचं नाव नसेल तर तुम्ही बहुधा हद्दीबाहेर आहात. भाड्याने राहत असाल तर काउंटीच्या वेबसाइटवर नकाशा असतो, त्यात पत्ता टाकून बघा.

इतर राज्यांतही हे गावप्रकरण आहे. सनीव्हेलने २०१३ मध्ये मतदान घेऊन नियम केला, दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझीन (बंदुकीत गोळ्या ठेवायचा डबा) नको, घरात बंदूक कुलपात, चोरीला गेली तर ४८ तासांत पोलिसांना कळवायचं. न्यू यॉर्क सिटीत रायफलसाठी शहराचं वेगळं परमिट लागतं आणि रायफलच्या मॅगझीनची मर्यादा पाच गोळ्या, राज्यात बाकी ठिकाणी ती दहा. म्हणजे लाँग आयलंडवर चालणारं मॅगझीन क्वीन्समध्ये आणलं की गुन्हा, मधे फक्त एक रस्ता. कोलोरॅडोत उलटंच झालं, बोल्डर शहराची २०१८ ची बंदी मार्च २०२१ मध्ये कोर्टाने प्रीएम्प्शनमुळे उडवली आणि त्याच वर्षी राज्याने ते प्रीएम्प्शनच काढून टाकून गावांना मोकळीक दिली.

चौथी पायरी: ती वस्तू नक्की काय आहे

आता रायफल समोर ठेवा, रिकामी करून. "असॉल्ट वेपन" ही इंजिनिअरिंगमधली व्याख्या नाही, कायद्यातली आहे, आणि दर राज्याची वेगळी. साधारण तीन रस्ते असतात. एक, नावांची यादी, त्यात तुमचं मॉडेल असेल तर विषय संपला. दोन, फीचर्स. मॅगझीन काढता-घालता येतं का, आणि त्याबरोबर पिस्तुलासारखी मूठ, अंगठ्यासाठी भोक असलेला दस्ता, दुमडणारा किंवा लांबी कमीजास्त होणारा दस्ता, नळीच्या टोकाला फ्लॅश सप्रेसर (गोळी सुटतानाची ज्वाळा कमी दिसावी म्हणून लावलेला तुकडा), यातलं काही आहे का. १९९४ च्या फेडरल कायद्यात अशी दोन फीचर्स लागायची, आता कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, इलिनॉय सगळीकडे एक पुरतं. तीन, पक्क्या बसवलेल्या मॅगझीनमध्ये दहापेक्षा जास्त गोळ्या मावतात का.

याचा परिणाम असा की रूगर मिनी-१४ लाकडी दस्त्यासह कॅलिफोर्नियात दुकानात विकत मिळते, आणि तीच गोळी त्याच पद्धतीने उडवणारी नेहमीच्या बनावटीची एआर-१५ मिळत नाही. तर्क शोधू नका, त्रास होईल. उलट वॉशिंग्टन राज्यात २०१८ च्या जनमतानंतर "सेमीऑटोमॅटिक असॉल्ट रायफल" या व्याख्येत पोरांना शिकवायची .२२ ची सेमी-ऑटोसुद्धा आली, म्हणजे वयाची २१ ची अट, ट्रेनिंग आणि थांबायचा काळ तिलाही.

नळीची लांबी मोजा. १६ इंचांपेक्षा कमी नळी असलेली रायफल फेडरल नोंदणीशिवाय ठेवता येत नाही. आणि घरी बसून ऑनलाइन मागवलेला दस्ता किंवा मूठ लावू नका, एका स्क्रूने वस्तूची कायदेशीर जात बदलते. माझ्या ओळखीच्या एकाने दुकानदाराच्या सांगण्यावरून मूठ बदलली, "सगळेच लावतात" म्हणे. दुकानदार विकून मोकळा, प्रश्न ज्याच्या घरात ती वस्तू आहे त्याला.

पाचवी पायरी: तारीख, आणि बातमीवर विश्वास न ठेवणं

कधी घेतली याची पावती जपा, कारण सूट जवळपास नेहमी तारखेवर असते. पावती नसेल तर ज्या डीलरकडून घेतली त्याला विचारा, त्यांना रेकॉर्ड ठेवावं लागतं.

आणि "कोर्टाने बंदी उठवली" अशी व्हॉट्सअ‍ॅपवर बातमी आली की लगेच नाचू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये इलिनॉयच्या दक्षिण भागातल्या फेडरल कोर्टाने राज्याचा कायदा घटनाबाह्य ठरवला, हेडलाइनी झाल्या, आणि पुढच्याच महिन्यात वरच्या कोर्टाने स्थगिती दिली, कायदा चालू तो चालूच. कॅलिफोर्नियात मात्र २०१९ मध्ये मोठ्या मॅगझीनच्या केसमध्ये निकाल आणि स्थगिती यांच्यात साधारण आठवडा गेला, तेवढ्यात लोकांनी मॅगझीन्स भरभरून मागवली, तिकडे त्याला फ्रीडम वीक म्हणतात. अशा खिडकीतून उडी मारायला सिटिझन असलात तरी छाती लागते. मेरीलँडच्या बंदीविरुद्धची केस अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने जून २०२५ मध्ये घ्यायलाच नकार दिला, न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी मात्र लिहून ठेवलं की हा प्रश्न एक-दोन टर्ममध्ये कोर्टाने घ्यायला हवा. म्हणजे हे सगळं हलतं आहे. निकाल वाचताना तीन गोष्टी बघा, कुठलं कोर्ट, स्थगिती आहे का, आणि निकाल सगळ्यांना लागू की फक्त केस करणाऱ्यांना.

मूळ कायदा वाचायची सवय लावा, वाटतं तितकं अवघड नाही. इलिनॉयचा हा भाग ७२० आयएलसीएस ५/२४-१.९ असा शोधला की सापडतो. गावाचे नियम त्यांच्या म्युनिसिपल कोडमध्ये असतात, तिथे फायरआर्म्स, वेपन्स, मॅगझीन असे तिन्ही शब्द टाकून शोधा, कारण नियम कधी पोलीस चॅप्टरमध्ये असतो, कधी दुकानाच्या लायसन्समध्ये. इलिनॉय स्टेट पोलिसांनी चित्रांसकट ओळखायची गाइडही काढली आहे. मग जे कळलं नाही ते गावाच्या क्लार्कला ईमेलने विचारा. फोनवर नको. फोनवर मला एका ठिकाणी आठवड्यात दोन माणसांनी दोन उत्तरं दिली, दोघेही अगदी ठामपणे.

शेवटची पायरी: घेणं आणि नेणं

शेजारच्या इंडियानात जाऊन घेऊन येऊ, ही युक्ती सगळ्यांना सुचते. रायफल दुसऱ्या राज्यातल्या डीलरकडून घेता येते, पण दोन्ही राज्यांचे कायदे पाळले गेले तरच, म्हणजे इंडियानातल्या डीलरलाही तुमच्यासाठी इलिनॉयचा नियम लागतो. आणि डीलर टाळून दुसऱ्या राज्यातल्या ओळखीच्या माणसाकडून थेट घेणं फेडरल कायद्यानेच बंद आहे.

प्रवासात १९८६ चा फेडरल कायदा थोडं संरक्षण देतो. निघालात तिथे आणि पोचणार तिथे, दोन्हीकडे ती रायफल तुम्हाला कायदेशीर असेल तर मधल्या राज्यांतून नेता येते, रिकामी करून, ती आणि गोळ्या दोन्ही डिकीत, हाताला लागणार नाहीत अशा, आणि गाडीला डिकी नसेल तर कुलूपबंद पेटीत. पण हे वाटेतून पुढे जाण्याचं संरक्षण आहे, मुक्कामाचं नाही. २००५ मध्ये यूटाहच्या एका माणसाची नेवार्कला पुढची फ्लाइट चुकली, बॅग घेऊन तो रात्रभर हॉटेलात राहिला, बॅगेत कुलपात पिस्तूल होतं, सकाळी एअरपोर्टवर अटक. त्याने नंतर दावा लावला, २०१० मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की हॉटेलात बंदूक त्याच्या हाताशी होती, म्हणून संरक्षण नाही. म्हणजे वाटेत न्यू जर्सीत चुलतभावाकडे पोहे खायला थांबायचं असेल तर रूट बदला.

माझं काय झालं? मी ती शेवटी डॅलसमध्येच डीलरला विकली. साठ दिवसांची सोय होती, पण घर कुठल्या गावात मिळेल ते नक्की नव्हतं आणि साठ दिवस मोजत घर शोधायची माझी तयारी नव्हती. इथे आल्यावर दहा डॉलर भरून एफओआयडी काढलं, आणि नळीखालच्या ट्यूबमध्ये गोळ्या भरायची एक लाकडी .२२ पसंत केली, अशा .२२ ला इलिनॉयच्या व्याख्येत सूट आहे. दुकानात ७२ तास थांबायला सांगितलं. त्या ७२ तासांत गावाच्या क्लार्कला ईमेल टाकली. तिने दोन ओळींत उत्तर दिलं आणि खाली कोडची लिंक. ती ईमेल प्रिंट काढून पावतीसोबत फाइलमध्ये ठेवलीय, घराच्या कागदांच्या शेजारी.